माणसाला उभं राहता येईल अशी जाळी

प्लॅनिंगसाहेबांनी कागदावर जेवढी शहरं वसवली तेवढी खरोखर वसली असती, तर राहायला माणसं कमी पडली असती. नगररचना खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरेच दिवस झाले होते, पण गल्लीत त्यांना अजून प्लॅनिंगसाहेबच म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी निम्मे आदराने म्हणत, आणि उरलेले कधी ना कधी साहेबांनी आखलेल्या बस-स्टँडवर बस शोधत हिंडलेले होते. वीस वर्षांनी गाव जिकडे वाढणार तिकडे साहेबांनी स्टँड नेलं होतं. गाव हट्टी निघालं आणि उलटीकडे वाढलं. स्टँडवर आता शेळ्या रवंथ करत बसतात. साहेबांना त्याचं काही वाटत नसे. नकाशा बरोबर होता, चूक गावाची होती.

घरामागच्या परसात कोंबड्या होत्या, त्या बाईंच्या. बाई म्हणजे साहेबांची बायको. सासरच्या नात्यांचा बाईंना जो अनुभव होता तो त्यांनी कोंबड्यांना नावं देण्यात वापरून टाकला होता. सगळ्यांना टोचून दाण्यावर पहिली चोच मारणारी ती थोरल्या जाऊबाई. स्वतः अंडं न घालता दुसरीच्या अंड्यावर ठाण मांडणारी ती नणंद. उगाच कोकलत फिरणाऱ्या आत्याबाई. आणि एक गरीब तांबडी होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिला नुसतंच सूनबाई. साहेबांची सख्खी बहीण एकदा राहायला आली असताना बाईंनी परसातून ओरडून सांगितलं होतं, "अहो, नणंदेला हाकला, घाण करून ठेवलीय सगळी!" त्यानंतर बहीण फोनच करते, येत नाही.

खुराडं जुनं, लाकडी, मांडीपेक्षा उंच नव्हतं. अंडी काढायची तर गुडघे टेकायचे आणि मान आत घालायची. बाई वर्षानुवर्षं रोज सकाळी त्या खुराड्यापुढे वाकत आल्या होत्या. एवढं त्या सासूपुढेही वाकल्या नव्हत्या, आणि सासूने ते बोलूनही दाखवलं होतं. मग पाठीचा मणका बोलायला लागला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की आता वाकायचं नाही. महिना-दोन महिने नव्हे, कधीच नाही. पुढेही ते बरंच काही बोलले. मज्जातंतू किती दबले आहेत, पायातलं बळ कसं हळूहळू जाईल, किती हळू ते सांगता येत नाही. साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या नोकरीत ज्या विषयावर निर्णय घ्यायचा नसे त्यावर अशीच मान डोलावत.

कोंबड्या साहेबांकडे आल्या. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी काठी टेकून उभ्या राहत आणि तिथून कारभार बघत.

"अहो, पाणी बदललंत का?"

"बदललं."

"कालचंच आहे. इथून दिसतंय मला हिरवं."

"ते भांडंच हिरवं आहे."

"भांडं पांढरं आहे. जाऊबाईंकडे बघा, कशी बघतेय तुमच्याकडे. ऐन मुहूर्ताला सासरा शिंकल्यासारखी."

साहेब गुडघे टेकून मान आत घालत तेव्हा नणंद त्यांच्या टकलावर टोचे. हे बाईंना खिडकीतून दिसे आणि त्या हसत. पण एके सकाळी त्या हसल्या नाहीत. चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "हे असं नाही चालायचं. मला आत जाता आलं पाहिजे. माझं मला. सकाळी उठून कुठेतरी जायचंय असं असलं की उठवतं हो. खिडकीपर्यंत जायला कशाला उठायचं? उभ्याने आत जाता येईल असं काहीतरी करा. जमत नसेल तर सांगा, पलीकडच्या मॅडमना देऊन टाकते. त्या कधीच्या मागतायत."

पलीकडच्या मॅडम म्हणजे भिंतीपलीकडच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुलं हाताखालून गेल्यावर त्यांना शिस्त लावायला काहीतरी हवं होतं.

"जमत नसेल म्हणजे?" साहेब म्हणाले. "हा तर माझा विषय आहे."

बाईंना तेव्हाच स्टँडवरच्या शेळ्या आठवल्या असणार.

बाईंचा धाकटा भाऊ हा मेहुण्यांच्या त्या जातीतला होता जी प्रत्येक वस्तू तुमच्याआधी फोनवर बघून ठेवते. तो रविवारी आला आणि त्याने तयार मिळणारी जाळीची खोली दाखवली. लोखंडी नळ्या एकात एक अडकवायच्या, वर जाळी ताणायची, डोक्यावर कापड. आत माणूस उभा राहतो. दार चांगलं रुंद.

"दोन दिवसांत उभं करतो, भाऊजी. मी आणि माझा पाना. तुम्ही फक्त चहा द्या."

"जाळी कसली आहे?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"जाळीसारखी जाळी."

"षटकोनी. ही कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. भोकात अंगठा जातो. करंगळी अडकली पाहिजे. आणि तळ? खालून उकरून आलं काही तर? जाळी जमिनीत हातभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवावी लागते. शिवाय हे कापड किती टिकेल?"

"दोन-तीन वर्षं टिकेल की."

"आणि वीस वर्षांनी?"

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने छताकडे पाहिलं.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "वीस वर्षं कोंबडी जगत नाही."

"कोंबडी जगत नाही, कोंबड्या जगतात," साहेब म्हणाले. "लोकसंख्या आणि व्यक्ती यांत फरक असतो."

"ताई, मी मागवू का ते?" मेहुण्याने जाता जाता दारात हळूच विचारलं. बाई म्हणाल्या, "माझी फार इच्छा आहे रे. पण त्यांनी इतक्या वर्षांत घरासाठी काही आखलेलं नाही, सगळं गावासाठीच. आता माझ्यासाठी आखतायत. नको म्हणवत नाही."

साहेबांनी कामाला हात घातला तो रीतसर. त्यांच्या खात्याची एक पद्धत होती. आधी एक तारीख धरायची, त्या तारखेला जे जसं आहे ते मोजायचं आणि त्यावर नकाशा बेतायचा. त्यानंतर गावात कुणी घर बांधो की पाडो, नदी वळो की आटो, नकाशा त्या तारखेलाच धरून चालायचा. नाहीतर काम कधी संपायचंच नाही. त्याप्रमाणे त्यांनी एका दुपारी परस मोजलं. ऊन कुठून कुठे सरकतं ते खुणा करून ठेवलं, पाणी कुठे साचतं ते बादली ओतून पाहिलं. कोंबड्या मोजल्या, त्या धावत असल्यामुळे दोनदा मोजल्या. मग बाईंना अंगणात उभं केलं आणि त्यांनाही मोजलं.

"हात वर कर बघू. काठी धरून किती जागा लागते? पाय केवढा उचलता येतो?"

बाईंनी विटेच्या उंचीचा पाय उचलून दाखवला. आणखी अर्धी वीट उचलला. चेहऱ्यावर जरा अभिमान आला होता.

"उत्तम," साहेब म्हणाले आणि ते मांडून ठेवलं.

बाईंचं मोजमाप त्यानंतर परत झालं नाही.

नकाशा वाढत गेला. जागा ठरली ती परसाच्या टोकाला, कारण रहिवास आणि पशुपालन यांत अंतर राखावं हा नियम साहेबांनीच एका गावासाठी लिहिला होता. छताला उतार आला. बसायच्या दांड्या आल्या, त्यांची जाडी कोंबडीच्या पंजावरून ठरली आणि त्यासाठी सूनबाईंचा पंजा फूटपट्टीवर ठेवण्यात आला. दाराशी उंबरठा आला, चांगला दीड विटेचा, म्हणजे आतला भुसा पायाबरोबर बाहेर सांडत नाही. मग साहेबांच्या लक्षात आलं की दार उघडलं की पायांतून कोंबडी सटकते. म्हणून दुहेरी दार आलं. पहिल्या दारातून आत यायचं, ते मागे लावायचं, मधल्या चौकोनात उभं राहायचं, मग दुसरं उघडायचं. दोन्ही दारं अरुंद, काठी घेतलेला माणूस जाईल आणि कोंबडीला बाजूला फट राहणार नाही एवढीच. ती युक्ती सुचली त्या दिवशी साहेब जेवताना स्वतःशीच हसले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"आत्याबाईंचा पत्ता कट."

"कधी होणार हो ते?"

"होणार, होणार. भविष्यात संख्या दुप्पट झाली तर उजवीकडे वाढवता यावं, एवढी सोय राहिलीय."

आता बाई बसून बोलत होत्या. पूर्वी ओट्याशी उभ्याने भाजी चिरायच्या, ती टेबलावर आली होती. काठी एकाची दोन झाली. एकदा न्हाणीघराच्या दारात त्यांचा पाय अडकला आणि त्या भिंतीला टेकून नुसत्याच हसत राहिल्या, आणि साहेबांनी भिंतीला धरायला दांडी बसवली, मजबूत, ठरल्या उंचीवर. मग मेहुणा वॉकर घेऊन आला, चार पायांचा, पुढे सरकवत चालायचा. घरातल्या दारांतून तो वॉकर जाईना तेव्हा साहेबांनी कपाट हलवलं, एका दाराची चौकट तासून घेतली, गालिचा गुंडाळून ठेवला. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. आणि संध्याकाळी त्याच हाताने दिव्याखाली नकाशातली दुहेरी दारं आणखी नेटकी केली. ही दोन कामं एकाच बाईची आहेत, हे त्यांच्या डोक्यात एकत्र येत नव्हतं, किंवा ते येऊ देत नव्हते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

वेल्डर आला. त्याने आयुष्यभर खिडक्यांच्या जाळ्या केल्या होत्या आणि जग त्याला खिडकीच दिसायचं.

"मधे मोर टाकू का, साहेब?"

"कोंबड्यांच्या जाळीत मोर?"

"शोभा येते. सगळे टाकतात. नाहीतर सूर्य टाकतो, किरणंबिरणं."

"काही टाकू नका. नकाशाप्रमाणे करा."

वेल्डरने नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला. "दोन दारं कशाला?"

"एक लावून दुसरं उघडायला."

"बँकेत असतं तसं?"

"तसंच."

"कोंबड्या भारीतल्या दिसतात," वेल्डर म्हणाला, आणि त्याने अँगल कापायला ग्राइंडर लावला. त्याला ग्राइंडरमुळे कमी ऐकू येत असे, आणि कमी ऐकू येत असल्यामुळे ग्राइंडर बंद आहे हे त्याच्या लक्षात येत नसे, त्यामुळे तो कायम ओरडूनच बोलायचा.

जाळी उभी राहिली. खोटं कशाला बोला, काम देखणं झालं. करंगळी अडकत होती. पाणी साचत नव्हतं. मॅडम भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "माझ्या शाळेचा वर्ग एवढा हवेशीर नव्हता." कोंबड्या आत सोडल्या. जाऊबाईंनी सगळ्यात उंच दांडी घेतली आणि नणंदेने दुसरीची. साहेब ताठ उभे राहून आत एक फेरी मारून आले, डोक्याला काही लागत नाही हे दाखवायला टाळूवर हात फिरवला, आणि बाईंना आणायला घरात गेले.

बाईंनी स्वच्छ साडी नेसली होती. अंडी ठेवायला वॉकरला पिशवी बांधली होती. मागच्या दारापासून परसाच्या टोकापर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला. मातीत वॉकरचे पाय रुतत होते. साहेब बाजूने मागे-पुढे करत "जागा लांब वाटतेय, पण वारा बघ" असं काहीतरी म्हणत होते. बाईंकडे बोलण्यावर घालवायला दम नव्हता. जाळीशी आल्या तेव्हा सूनबाई धावत येऊन आतून जाळीला चिकटली. बाई म्हणाल्या, "हो गं, हो. आले."

साहेबांनी पहिलं दार उघडून धरलं.

बाईंनी उंबरठ्याकडे पाहिलं. उजवा पाय उचलला. तो अर्ध्या विटेएवढा वर आला आणि जागीच खाली गेला. त्यांनी डावा उचलून पाहिला. मग वॉकर उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवायचा प्रयत्न केला, तर तो चौकटीत दोन्हीकडून अडकला. लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज झाला. आत आत्याबाई कोकलायला लागल्या.

"तिरका करू," साहेब म्हणाले.

तिरका केला. तिरका आत जात होता, पण तिरक्याला धरून चालता येत नव्हतं. आणि गेलाच असता, तर मधल्या चौकोनात मागे वळून दार लावायला त्याला जागा नव्हती. साहेबांना हे सगळं एकदम दिसलं. नकाशा डोळ्यांपुढे उलगडावा तसं एका दृष्टीत दिसलं, आणि त्यातलं काहीच नवीन नव्हतं.

"मी उचलून घेतो तुम्हाला," ते म्हणाले. बायकोला ते एरवी 'तुम्ही' म्हणत नसत, घाबरले की म्हणत.

"कोंबडीसारखी?" बाई म्हणाल्या. "बगलेत?"

त्या जाळीला धरून उभ्या राहिल्या. बोटं भोकात जात नव्हती, करंगळीसुद्धा. सूनबाईच्या पिसांना हात लावता आला नाही.

"तुम्हीच जा आत," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "मी बघते इथून. खिडकीपेक्षा जवळ आहे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वेल्डरला परत बोलावलं. उंबरठा काढायचा, एक दार काढायचं, दुसरं रुंद करायचं. मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बाई बसल्या होत्या.

"किती रुंद?" वेल्डर ओरडला.

साहेब वॉकरला टेप लावून बसले होते. "वॉकरचं माप, अधिक चार बोटं."

"चाकाच्या खुर्चीचं घ्या," बाई म्हणाल्या.

"चाकाची खुर्ची आहे कुठे आपल्याकडे?"

"येईल."

"डॉक्टर तसं काही नक्की म्हणालेले नाहीत."

"मी तिथंच बसले होते की. मला कमरेचं दुखणं आहे, कानाचं नाही. तुम्ही मान डोलावलीत तेव्हा मीच तुमच्याकडे बघत होते."

वेल्डर एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. त्याला शब्द कळले नव्हते, पण नवरा-बायकोचं काय चाललंय ते कळायला कान लागत नाहीत. त्याने ग्राइंडर खाली ठेवला.

"मोठं दार केलं तर चालणाऱ्याला ते चावतं का?" बाई म्हणाल्या. "चालत गेले तर चालत जाईन. घ्या ना तेच माप."

साहेबांच्या हातातली टेप परत सुर्रकन आत गेली. एका गावासाठी वीस वर्षांनंतरच्या मुलांच्या शाळा, वीस वर्षांनंतरच्या गाड्यांचे रस्ते, एवढंच काय, वीस वर्षांनंतरची स्मशानाची जागासुद्धा त्यांनी बेधडक राखून ठेवली होती. आता फक्त एक आकडा बोलायचा होता.

"वॉकरचंच," ते वेल्डरला म्हणाले. "अधिक चार बोटं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं.

"असं बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही बांधताय ते एका बाईसाठी, आणि ती बाई चांगली आहे, मला ओळखीची आहे. पण ती आता इथं राहत नाही. दार होईस्तोवर मी ह्या वॉकरवर नसेन, मग तुम्ही पुन्हा मोजायला बसाल, तोवर मी आणखी कुठे असेन. मला नाही धावायला जमत तुमच्या नकाशामागे." आणि मग मान वळवून, आवाज चढवून, "मॅडम! अहो मॅडम, आहात का?"

मॅडम भिंतीशी उगवल्या. त्या बहुतेक आधीपासूनच होत्या.

"घेऊन जा आजच. टोपल्या आणा. जाऊबाईंना वेगळी ठेवा, एकत्र घातल्यात तर कुणाचा डोळा राहायचा नाही. तांबडी हातातून खाते. तिला बाकीच्या खाऊ देत नाहीत, म्हणून आधी तिला हातावर द्यायचं."

"हातावर," मॅडम म्हणाल्या. "बरं."

कोंबड्या पकडायला साहेब आणि वेल्डर आत गेले. पकडायला सोपं गेलं, कारण दुहेरी दारामुळे एकही सटकली नाही. आराखड्याचा तेवढा भाग निर्दोष होता. टोपल्या एकेक करून भिंतीवरून पलीकडे गेल्या. सूनबाईची टोपली बाईंनी मांडीवर घेतली, झाकण किलकिलं केलं, आत हात घालून काही वेळ ठेवला आणि मग दिली. त्यानंतर वॉकर सरकवत त्या घरात गेल्या. साहेब मदतीला पुढे झाले नाहीत. झाले असते तर बाईंना चाललं असतं की नाही, कोण जाणे.

परसात रिकामी जाळी उरली. वेल्डर बिडी शिलगावून म्हणाला, "मग आता दार करायचं का नाही?"

"करा."

"कोंबड्या तर गेल्या."

"करा म्हटलं ना."

"माप?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं. नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. त्यांनी वेल्डरच्या जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं.

"ऑं?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"ग्राइंडरने कान गेलेत, साहेब. नीट सांगा. किती?"

"बत्तीस इंच!" साहेब ओरडले. "चाकाच्या खुर्चीचं माप! बत्तीस!"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. पलीकडे मॅडम कोंबड्यांना काहीतरी समजावत होत्या, त्यासुद्धा गप्प झाल्या. वेल्डरने खडूने चौकटीवर खूण केली. साहेब खिडकीकडे पाठ करून उभे होते आणि त्यांना वळता येत नव्हतं.

"छत्तीस घ्या," बाईंचा आवाज आला. "बत्तीसात हात खरचटतात."